अर्ध्या तासाचं कोडं : पटकीचं विष आतड्याच्या पेशीत जागं कसं होतं

माणसाच्या आतड्यातल्या पेशींचा एक सलग थर प्रयोगशाळेत वाढवलेला आहे. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या की मधून पाणीही सहज झिरपत नाही. थराच्या वरच्या अंगाला, म्हणजे आतड्यात जिकडे अन्न असतं त्या बाजूला, पटकीच्या जिवाणूचं शुद्ध केलेलं विष सोडलं जातं. थरातून क्षार किती वाहताहेत हे विद्युतप्रवाहाच्या रूपात मोजता येतं आणि त्याचा आलेख समोर उमटत राहतो. विष काही मिनिटांतच पेशींना चिकटतं. पण आलेखावरची रेघ सरळच. दहा मिनिटं गेली, वीस गेली, रेघ हलत नाही. अर्ध्या तासाच्या आसपास, कधी त्याहून थोडं उशिरा, ती वर चढू लागते आणि मग चढतच जाते. दरम्यान बाहेर उरलेलं विष धुऊन टाकलं तरी तिला फरक पडत नाही.

हे प्रकरण त्या सरळ रेघेचं आहे. पाठ्यपुस्तकात तिला जागा नसते. तिथे ‘विष’ या शब्दापासून ‘सायक्लिक एएमपी वाढतं’ (हा पेशीच्या आत निरोप पोचवणारा छोटा रेणू) इथपर्यंत एकच बाण असतो आणि विद्यार्थी तो बाण पाठ करतात. अनेक वर्षं हा विषय शिकवल्यावर माझं मत असं झालं आहे, की पटकीचं सगळं मर्म त्या अर्ध्या तासात दडलं आहे. जिवाणूने सोडलेला रेणू तेव्हा विष झालेलाच नसतो. त्याला विष बनवायचं काम आपली पेशी करते, स्वतःच्या अवजारांनी करते, आणि तेवढा वेळ तिला लागतो.

रोग आणि त्याचं ठिकाण

पटकी म्हणजे कॉलरा. महाराष्ट्रात गावोगावी मरीआईची ठाणी आहेत. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा, म्हणजे रोग गावाबाहेर गेला, असा समज होता. त्या रिवाजामागची भीती खोटी नव्हती. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट गडी संध्याकाळपर्यंत हाती लागेलच याची खात्री नसे. रोग जोरात असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात, डोळे खोल जातात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, मनगटाची नाडी लागत नाही.

इतकं पाणी जातं म्हणजे आतड्याचं अस्तर सोलवटून निघत असणार, अशी डॉक्टरांची समजूत एकोणिसाव्या शतकापासून होती. मृतांच्या आतड्यांत तसं दिसायचंही, पण तो मृत्यूनंतरचा बिघाड होता. बँकॉकच्या साथीत गँगरोसा आणि सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या लहान आतड्यातून बारीक तुकडे काढून तपासले आणि १९६० मध्ये निष्कर्ष मांडले. अस्तर शाबूत होतं. पेशी जागच्या जागी होत्या, जिवंत होत्या. म्हणजे त्या फाटलेल्या नव्हत्या, तर कुणाच्या तरी हुकमाने पाणी बाहेर ओतत होत्या.

हुकूम कुणाचा, याचं उत्तर त्याच सुमाराला हिंदुस्थानात मिळालं. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जिवाणू वेगळा केला आणि तो काही खास विष सोडत असावा अशी शंकाही बोलून दाखवली. पुढची पंचाहत्तर वर्षं ते विष सापडलं नाही. संशोधक जिवाणूंचा अर्क जनावरांच्या शिरेत टोचत, पोटाच्या पोकळीत टोचत, आणि पटकीसारखं काही होत नसे. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद पिशवीच्या आत जिवाणू सोडले. पिशवी पाण्याने तट्ट फुगली. हे १९५३ चं काम. १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू पूर्णपणे गाळून काढलेला नुसता द्रव त्याच रीतीने वापरला आणि तरीही पिशवी फुगली. विष होतं, आणि ते जिवाणूविना काम करत होतं.

त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या अगदी लहान पिल्लांवर काम करून विषाची भूमिका दाखवली. पिल्लांची ही पद्धत दत्ता आणि हब्बू यांनी १९५५ मध्येच बसवली होती. डे यांच्या नावाला उशिरा का होईना थोडा मान मिळाला. परळमधल्या या कामाचा उल्लेख मात्र आपल्याकडच्या वर्गांतही क्वचितच होतो, आणि मला ते खटकतं.

या दोन्ही ठिकाणी शिकायला मिळालेली गोष्ट एकच. विष आतड्याच्या पोकळीच्या बाजूने द्यायला हवं. तिथूनच त्याची वाट सुरू होते.

रेणू कसा असतो

पटकीचं विष १९६९ मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पॅलुटो यांनी शुद्ध केलं. पुढे स्फटिकांवरून त्याचा आकार कळला. खाली पाच एकसारखी प्रथिनं कडं करून बसलेली असतात, प्रत्येकात १०३ अमिनो आम्लं. सदाफुलीच्या पाच पाकळ्यांसारखी ही चकती, तिला ‘बी’ म्हणतात. चकतीच्या वर २४० अमिनो आम्लांचं एक प्रथिन असतं, ते ‘ए’. या ‘ए’ची शेपटी चकतीच्या मधल्या भोकातून खाली उतरलेली असते, मण्यातून दोरा ओवावा तशी.

‘ए’च्या साखळीत १९२ व्या अमिनो आम्लाच्या आसपास एक कमकुवत जागा आहे. जिवाणूने स्वतःच सोडलेली किंवा आतड्यातली प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, तिथे कात्री लावतात. साखळीचे दोन तुकडे होतात : मोठा ए-१ आणि शेपटीचा ए-२. कापल्यावरही ते सुटे होत नाहीत. गंधकाच्या दोन अणूंमधला एक बंध त्यांना धरून ठेवतो. कापड कापलं पण एक टाका तसाच राहिला, असं समजा. हा टाका पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

खरं विकर ए-१ मध्ये आहे. पण या अवस्थेत त्याच्या कामाच्या खाचेसमोर त्याच्याच साखळीचा एक वळसा आडवा आलेला असतो. म्हणजे रेणू तीन प्रकारे बंद आहे. टाका आहे, चकतीचं ओझं आहे आणि खाचेचं दार लागलेलं आहे. नुसती ‘बी’ चकती पूर्ण निरुपद्रवी असते. इतकी, की कॉलरावर तोंडाने देण्याच्या एका लशीत ती मुद्दाम घातली जाते.

कबुतराचं रक्त

रेघ अर्धा तास सरळ का राहते, याचा पहिला चांगला धागा आतड्यातून आलाच नाही. तो कबुतराच्या रक्तातून आला. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी विषाला प्रतिसाद देतात आणि त्या मिळवणं सोपं असतं. मायकेल गिल यांनी १९७५ च्या सुमारास या पेशी वापरल्या. अख्ख्या पेशींना विष दिलं की नेहमीसारखा विलंब. पेशी आधी फोडून त्यांच्या रसात विषाचा मोकळा ए-१ तुकडा घातला की वाट पाहणं संपलं, परिणाम लगेच दिसू लागला. ‘बी’ चकतीची तिथे गरजच उरली नाही.

म्हणजे विलंब हा पोचण्याचा आणि सुटं होण्याचा वेळ होता. पण गिल यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची आहे. फोडलेल्या पेशींची पटलं, म्हणजे त्यांची पातळ आवरणं, धुऊन घेतली आणि पेशीद्रव काढून टाकला, तर मोकळा ए-१ सुद्धा काम करीना. त्याला दोन गोष्टी लागत होत्या. एक म्हणजे एनएडी, जो आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जेच्या व्यवहारासाठी असतोच. दुसरी, पेशीद्रवातलं कसलंतरी प्रथिन. ते कोणतं, हे कळायला आणखी नऊ वर्षं जावी लागली.

उलटा प्रवास

आता आतड्याच्या पेशीकडे परत येऊ. पेशीच्या पृष्ठभागावर जीएम-१ नावाचे साखर जोडलेले स्निग्ध रेणू असतात. ‘बी’ची प्रत्येक पाकळी एकेका जीएम-१ ला धरते, त्यामुळे पकड विलक्षण घट्ट बसते. पटल आत वळतं, छोटी पिशवी तुटते आणि विष पेशीत येतं. पण पेशीत येणं आणि पेशीद्रवात येणं यांत फरक आहे. विष अजून पिशवीतच आहे. भिंत ओलांडायची बाकी आहे.

घटसर्पाचं विष ही भिंत तिथल्या तिथे ओलांडतं. पिशवीत आम्लता वाढली की त्याचा आकार बदलतो, ते पटलात घुसतं आणि विकराचा भाग पलीकडे ढकलतं. पटकीच्या विषाला ही युक्ती येत नाही. ते मागे मागे जातं. पेशी आपली प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेत बनवते, तिथून गॉल्गी संकुलात आणि तिथून बाहेर पाठवते. विष याच वाटेने उलट्या दिशेने चालत जालिकेपर्यंत पोचतं. जिथे पेशी आपली प्रथिनं घडवते, त्या कारखान्यातच ते शिरतं.

१९९३ मध्ये अनेक गटांनी हे ब्रेफेल्डिन-ए या बुरशीजन्य रसायनाने पडताळून पाहिलं. हे रसायन गॉल्गीची घडी विस्कटतं. ते दिलं की विष पेशींना चिकटत होतं, आत जात होतं, आणि आलेखावरची रेघ सरळच राहत होती. तापमान पुरेसं उतरवलं तरी तोच परिणाम, कारण थंडीत पिशव्यांची ने-आण थांबते.

‘ए-२’ शेपटीच्या टोकाला चार अमिनो आम्लं असतात : लायसिन, अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट, ल्युसिन. आपल्या जालिकेत राहणाऱ्या प्रथिनांच्या टोकालाही हीच खूण असते, म्हणजे ती चुकून गॉल्गीत गेली तर परत आणली जातात. जिवाणूने ही खूण आपल्या विषावर चढवली आहे. त्यामुळे बरीच पुस्तकं सांगतात की या खुणेमुळेच विष जालिकेत पोचतं. हे पूर्ण खरं नाही. वेन लेन्सर यांच्या बॉस्टनच्या गटाने ही खूण बिघडवून पाहिली. विष मंदावलं, पण थांबलं नाही. पुढच्या कामातून दिसलं की खरा वाहक जीएम-१ च आहे. स्निग्ध रेणू ज्या वाटेने मागे वाहतात त्याच वाटेने विष वाहून नेलं जातं. शेपटीवरची खूण बहुधा पोचलेल्याला तिथे टिकवून धरते. उत्क्रांतीने एवढी हुबेहूब नक्कल केली म्हणजे तीच मुख्य किल्ली असणार, असं मनात सहज येतं. प्रयोग मात्र तिला दुय्यम जागा देतो आणि तीच मान्य करायला हवी.

टाका उसवतो

जालिकेत जे घडतं ते या प्रकरणाचं हृदय आहे.

जालिका हा प्रथिनांना घडी घालण्याचा कारखाना. तिथे पीडीआय नावाचं एक प्रथिन असतं. नव्या प्रथिनांमधले गंधकाचे बंध बांधणं, चुकीचे बांधले गेले तर सोडवणं, हे त्याचं रोजचं काम. पटकीचा रेणू आला की ए-१ आणि ए-२ मधला तो शेवटचा टाका इथे उसवतो आणि पीडीआय ए-१ ला चकतीपासून वेगळं करतं. शिंप्याच्या दुकानात परक्याने कापड आणून द्यावं आणि त्याने सवयीने शिवण उसवून द्यावी, तसं हे आहे.

वेगळं नेमकं कसं केलं जातं, यावर दोन मतं आहेत. साई, लेन्सर आणि रॅपोपोर्ट यांच्या २००१ च्या कामानुसार पीडीआय ए-१ ला पकडून त्याची घडी उलगडतं आणि मग सोडून देतं. फ्लॉरिडात केन टेटर यांच्या गटाने पुढे वेगळं चित्र मांडलं. त्यांच्या मते ए-१ ला स्पर्श होताच पीडीआय स्वतःच पसरतं आणि त्या रेट्याने ए-१ बाजूला ढकलला जातो. उलगडण्याचं काम त्याला करावंच लागत नाही. कारण चकतीचा आधार सुटलेला ए-१ शरीराच्या ३७ अंश तापमानाला आपोआपच ढिला पडून उलगडतो. मला दुसरं चित्र अधिक पटतं. ए-१ ला बाहेरून घट्ट धरून ठेवणारी, उलगडू न देणारी रसायनं दिली की पेशी विषापासून बचावते, ही गोष्ट त्यात सहज बसते. टाका उसवायला आणि ए-१ सुटा व्हायला आपली जालिकाच लागते, हे दोन्ही बाजू मानतात.

उलगडणं का हवं? कारण जालिकेत एक नियम आहे. ज्या प्रथिनाची घडी बिघडली आहे ते जालिकेत ठेवायचं नाही. त्याला पटलातल्या वाटेने पेशीद्रवात ढकलायचं, युबिक्विटिनचा शिक्का मारायचा आणि प्रथिनं चिरडणाऱ्या यंत्रात टाकायचं. हा पेशीचा कचरा काढण्याचा मार्ग. उलगडलेला ए-१ बिघडलेल्या प्रथिनासारखाच दिसतो. पेशी त्याला कचरा समजून स्वतः उचलून पेशीद्रवात टाकते. जी भिंत विषाला स्वतः ओलांडता येत नव्हती, ती पेशी त्याला ओलांडून देते.

मग तो चिरडला का जात नाही? इथे ए-१ ची घडण पाहावी लागते. शिक्का लायसिन या अमिनो आम्लावर बसतो. ए-१ च्या १९२ अमिनो आम्लांत लायसिन फक्त दोन आहेत. याच वाटेने जाणाऱ्या इतर काही विषांतही लायसिन असंच विरळ आहे. शिक्का बसायला जागाच नाही, म्हणून रेणू यंत्रातून निसटतो, हे त्यावरचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. शिवाय पलीकडे पडताच तो लगेच पुन्हा घडीत येऊ लागतो. त्या कामातही पेशीचंच प्रथिन, एचएसपी-९० , त्याला मदत करतं असं टेटर यांच्या गटाला आढळलं.

आर्फ : नाव विषावरून पडलं

ए-१ आता पेशीद्रवात आहे, मोकळा आहे, घडीत आहे. आणि तरीही जवळपास निष्क्रिय आहे. कबुतराच्या रक्तातलं ते अनोळखी प्रथिन इथे लागतं.

रिचर्ड कान आणि आल्फ्रेड गिलमन यांनी ते १९८४ मध्ये शुद्ध केलं. विषाला त्याच्या रासायनिक कामात, म्हणजे एडीपी-रायबोज हा एनएडीचा तुकडा दुसऱ्या प्रथिनाला जोडण्यात, मदत करतं म्हणून त्याला ‘एडीपी-रायबोसिलेशन फॅक्टर’ म्हटलं, थोडक्यात आर्फ. पेशीला स्वतःला या प्रथिनाचा काय उपयोग, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. नंतरच्या वर्षांत उलगडलं की पिशव्यांची ने-आण चालवणाऱ्या प्रथिनांचं हे एक मोठं कुटुंब आहे आणि यीस्टपासून माणसापर्यंत सगळीकडे आहे. ज्याच्यावाचून यीस्टची किंवा माणसाची पेशी चालत नाही, त्या प्रथिनाला एका रोगाच्या विषाचं नाव कायमचं चिकटलं. (आणि ब्रेफेल्डिन-ए गॉल्गी विस्कटतं ते याच कुटुंबाला चालू करणारी यंत्रणा अडवून.)

आर्फ दोन अवस्थांत असतं. जीटीपी हा पेशीतला छोटा रेणू धरलेला असला की चालू, त्याचंच तुटलेलं रूप जीडीपी धरलेलं असलं की बंद. विषाला चालू अवस्थेतलंच हवं असतं. २००५ मध्ये ओनील, जॉबलिंग, होम्स आणि हॉल यांनी ए-१ आणि जीटीपी धरलेलं माणसाचं आर्फ-६ यांचा एकत्रित स्फटिक प्रसिद्ध केला आणि मग सगळं डोळ्यांना दिसलं. आर्फ कामाच्या खाचेत शिरत नाही. ते ए-१ च्या दूरच्या अंगाला चिकटतं. पण त्या चिकटण्याने ए-१ च्या आतले वळसे सरकतात, खाचेसमोर आडवा असलेला तो वळसा बाजूला होतो आणि एनएडी आत बसायला जागा होते. तिसरं कुलूप निघालं.

आर्फ जिवाणूत नसतंच. त्यामुळे जिवाणूच्या पोटात हे विकर कितीही साठलं तरी मुकं राहतं. काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या जिवाणूचं सूज आणणारं विष याच तर्काने चालतं. ते स्वतः सायक्लिक एएमपी बनवणारं विकर आहे, पण कॅल्मोड्युलिन या आपल्या पेशीतल्या प्रथिनाशिवाय ते हलत नाही, आणि कॅल्मोड्युलिन जिवाणूकडे नसतं. एकमेकांशी नातं नसलेल्या दोन जिवाणूंनी किल्ली आपल्याकडे न ठेवता यजमानाच्या घरात ठेवली आहे. रेणू चुकीच्या जागी चालू होऊ नये याचा इतका पक्का बंदोबस्त मला दुसरा सुचत नाही.

पुढचं थोडक्यात

चालू झालेला ए-१ एनएडीमधला एडीपी-रायबोज तोडतो आणि जी-एस या प्रथिनाच्या २०१ क्रमांकाच्या अमिनो आम्लावर, आर्जिनिनवर, चिकटवतो. जी-एस हा एक खटका आहे. तो सायक्लिक एएमपी बनवणारं विकर चालू करतो आणि थोड्या वेळाने जीटीपी तोडून स्वतःहून बंद होतो. त्या बंद होण्याला नेमकं हेच आर्जिनिन लागतं. कॅसल आणि सेलिंगर यांनी १९७७ मध्ये टर्कीच्या रक्तपेशींवर दाखवलं की विषामुळे जीटीपी तुटणंच मंदावतं. खटका चालूच राहतो. मॅक्यून-अल्ब्राइट या दुर्मीळ विकारात विषाचा काही संबंध नसताना, जनुकातल्या बदलामुळे, हेच एक आर्जिनिन बिघडलेलं असतं आणि तिथेही खटका बंद होत नाही.

सायक्लिक एएमपी वाढतं, सीएफटीआर नावाची क्लोराइडची दारं उघडतात, क्लोराइड आणि बायकार्बोनेट आतड्याच्या पोकळीत ओततात, मागोमाग सोडियम आणि पाणी. उंदरांत सीएफटीआर पूर्णपणे काढून टाकलं की पटकीच्या विषाने आतड्यात पाणी सुटत नाही, हे १९९४ मध्ये दाखवलं गेलं. रेघ वर चढते ती इथे.

अर्ध्या तासाचा एक छोटा उपप्रश्नही इथे सुटतो. विष पेशीच्या वरच्या बाजूने येतं, तर सायक्लिक एएमपी बनवणारं विकर मुख्यतः खालच्या, रक्ताकडच्या पटलावर असतं. पेशीच्या एका टोकाला पडलेली थाप दुसऱ्या टोकाला कशी ऐकू जाते, हे बराच काळ गूढ होतं. जालिका पेशीभर पसरलेली असते. तिथून सुटलेला ए-१ खालच्या पटलापर्यंत सहज पोचतो.

हे कळून रुग्णाला काय मिळालं

वाट इतकी लांब आहे तर ती कुठेतरी अडवता यायला हवी, असा विचार साहजिकच आला. ब्रेफेल्डिन-ए अडवतं, पण ते पेशीची सगळीच वाहतूक मोडतं. पीडीआय बंद करावं तर नवी प्रथिनं घडायची थांबतात. आर्फवाचून पेशी जगत नाही. या विषाची जवळजवळ प्रत्येक पायरी पेशीच्या जिवंत राहण्याच्या एखाद्या पायरीवर उभी आहे, आणि म्हणून औषधाला पाय ठेवायला जागा फार थोडी उरते. त्यातल्या त्यात आशेची जागा म्हणजे ए-१ ला उलगडू न देणं, कारण त्यात पेशीच्या अवजारांना हात लावावा लागत नाही. २०११ मध्ये टेटर यांच्या गटाने फेनिलब्युटायरेट या आधीपासून वापरात असलेल्या औषधाने ए-१ चं उलगडणं आणि पेशीद्रवात उतरणं रोखता येतं असं दाखवलं. पण पटकीचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा बहुतेक पेशींतली रेघ केव्हाच चढलेली असते. ज्या जी-एसवर खूण बसली ती पुसता येत नाही.

उपाय आला तो विषाने हात न लावलेल्या दारातून. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं एक वाहक प्रथिन असतं. रॉबर्ट क्रेन यांनी या जोडवाहतुकीची कल्पना १९६० मध्ये मांडली. सायक्लिक एएमपी कितीही वाढलं तरी हे दार चालूच राहतं. साखर आणि मीठ एकत्र पाजलं की ते आत जातात आणि पाणी सोबत ओढतात. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर हे सिद्ध केलं. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजची पाकिटं बांधून पिंपांतून ते पाणी वाटलं, नातेवाइकांनी ते आपल्या माणसाला पाजलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

आज आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो त्या पाकिटाचं जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं प्रमाण असं : लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. या मिश्रणात ग्लुकोज आणि सोडियमचे रेणू नेमके समसमान येतात, प्रत्येकी ७५ मिलिमोल. साखर जास्त झाली तर उलट पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून अंदाजाने मूठमूठ घालू नये.

हे पाणी विषाला काहीच करत नाही. पेशीतलं ए-१ तसंच असतं, जी-एसवरची खूण तशीच असते, क्लोराइडची दारं उघडीच असतात. जुलाबही लगेच थांबत नाहीत, आणि घरची माणसं नेमकी याच क्षणी घाबरून पाजणं बंद करतात. पण लहान आतड्याच्या अस्तरातली पेशी फार दिवस जगत नाही. तीन ते पाच दिवसांत ती टोकाला सरकते आणि गळून पडते, आणि खालून नवी येते. प्रतिजैविकाने जिवाणू मेले असतील तर त्या नव्या पेशीला विष भेटत नाही. विषबाधा झालेली शेवटची पेशी गळून जाईपर्यंत जितकं पाणी बाहेर जाईल तितकं आत घालत राहायचं असतं.